अक्का, त्या संध्याकाळी तुम्ही कट्ट्यावर बसून राहिलात

अक्का,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील. तुमचं नाव कुठंच लिहिलेलं नाही, वहिनींचंही नाही. टाकायच्या आधी वहिनींना वाचायला दिलं. त्या "टाक" म्हणाल्या, म्हणून टाकतेय. तोंडानं आभार मानायला आले की तुम्ही हातात मेथीची जुडी देता आणि "निवड ही" म्हणता. म्हणून लिहून मानते, आणि चारचौघांत मानते. मी जे केलं ते दुसऱ्याच्या घरात लेकरू सांभाळणाऱ्या कुणाच्याही हातून होऊ शकतं.

आधी झालं ते सरळ सांगते. कोल्हापुरात ताराबाई पार्कात वहिनींच्या घरी मी त्यांची अडीच वर्षांची मुलगी सांभाळते. दर महिन्याच्या 1 तारखेला त्या फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात 4,000 रुपये ठेवायच्या. दूध, फळं, डायपर, औषध आणि नागाळा पार्कातल्या बालवाडीला जायची-यायची रिक्षा, सगळं त्यातून. खर्च मी वहीत लिहायचा, महिन्याच्या शेवटी त्या बघायच्या. बघायच्या म्हणजे पान उलटायच्या आणि सही करायच्या. एवढा विश्वास होता.

आमचं घर तुम्हाला ठाऊक आहे. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं फिरतं आणि पहिल्यांदा आमच्या गल्लीत शिरतं. 2019 ला शिरलं, 2021 ला शिरलं. दोन्ही वेळा गादीपासून मिक्सरपर्यंत सगळं नव्यानं. त्याचं कर्ज, मग ते फेडायला आपल्या दहा जणींच्या गटाचं कर्ज. महिन्याला 2,200 चा हप्ता. फेब्रुवारीत मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, पाय मोडला, शिरोलीचं फाउंड्रीतलं काम थांबलं. माझ्या 9,000 वर घर आलं. मार्चच्या 10 तारखेला हप्त्याला 1,200 कमी पडत होते. आपल्या गटात एकीचे कमी पडले की बाकीच्या नऊ जणींनी घालायचे. त्या नऊ जणींकडं वर तोंड करून बघायची लाज वाटली, आणि मी डब्यातून 1,200 उचलले.

मनाला सांगितलं, ही चोरी नाही, उसने आहेत. भरून काढायचे म्हणून बालवाडीतून येताना रिक्षा बंद केली. छोटीला कडेवर घेऊन चालत यायचं, वहीत मात्र लिहायचं: रिक्षा 50. चोवीस दिवस. चोवीस पन्नासांचे 1,200 बरोबर झाले, हिशोब जुळला. जुळला म्हणून एप्रिलमध्ये हात परत डब्यात गेला. 1,600. त्यातले 1,000 पुन्हा रिक्षाचे, आणि 600 चं एक डायपरचं पाकीट जे मी आणलंच नव्हतं.

एप्रिलचं दुपारचं ऊन होतं. ओढणी तिच्या डोक्यावर धरायची, ती खांद्यावर मान टाकून झोपायची, मान घामानं चिकट झालेली असायची. एकदा वहिनी सहज म्हणाल्या, "ऊन लई आहे गं, रिक्षाच करत जा, पैशाकडं बघू नकोस." मी हो म्हटलं. त्या रात्रीपासून माझी झोप गेली. फोनवर शोधून बघितलं. नोकरानं मालकाच्या घरी केलेली चोरी, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 306, सात वर्षांपर्यंत कैद. ते वाचल्यावर सांगायचं धाडस होतं तेवढंही गेलं.

मे महिन्याच्या 10 तारखेला मी कपिलतीर्थ मंडईत तुमच्याकडं आले ती 2,800 उसने मागायला. डब्यात गुपचूप ठेवायचे आणि विषय संपवायचा, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही गवारी तोलत होता. गिऱ्हाईक गेल्यावर विचारलंत, "मालक घरात बसून हायेत, मग दोन म्हयने हप्ता कुटनं भरलास?" तुम्हाला आधीच शंका होती. मी तिथंच, भाजीच्या ढिगामागं बसून, सगळं सांगितलं.

तुम्ही ओरडला नाहीत. गोणपाटाखालची पिशवी काढून मला तीन गाठी दाखवल्यात. एक घरची, एक हप्त्याची, आणि सगळ्यात मोठी शाहू मार्केट यार्डातल्या अडत्याची. पहाटे उधारीवर आणलेल्या मालाचे पैसे त्यात. "ह्या गाठीतनं मी चा बी पीत न्हाई. एकदा प्यालो हुतो. म्हणून ठावं हाय." एवढंच बोललात. ती एकदाची गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाही, मीही विचारणार नाही. पण तुम्हीही तिथून गेला आहात एवढं कळलं आणि माझा श्वास मोकळा झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मग म्हणालात, "पैसं देतो मी. पर डब्यात ठेवायला एक रुपाया देणार न्हाई. त्यांच्या हातात द्यायला देतो." घरच्या गाठीतले 800 काढून दिलेत, तेवढेच होते. आणि मला वहीच्या मागच्या पानावर खरं काय ते लिहायला लावलंत. कुठल्या तारखेला काय उचललं, कुठली रिक्षा खोटी, कुठलं पाकीट खोटं. तुम्हाला वाचता येत नाही, तरी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून घेतलीत. मी म्हटलं, उद्या सांगते. तर म्हणालात, "उद्या तुला दुसरं कायतरी सुचंल. आज चल."

संध्याकाळची सहाची वेळ, मंडईतला खरा धंदा तेव्हाच. तुम्ही शेजारणीवर ढीग सोपवून, मेथीची बुट्टी डोक्यावर घेऊन माझ्याबरोबर निघालात. वहिनींच्या फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसलात आणि मला वर पाठवलंत.

वहिनी छोटीचे हात पुसत होत्या. मी वही पुढं ठेवली, वर 800 ठेवले आणि पाठ केल्यासारखं बोलून टाकलं. त्यांनी मागचं पान वाचलं. पैशाबद्दल काही विचारलं नाही. एकच विचारलं, "ती चालत यायची? एवढ्या उन्हात?" मी म्हटलं, चालत नाही, कडेवर. त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस. मी कळवते." छोटी नेहमीसारखी टाटा करायला दारापर्यंत आली.

खाली आले तेव्हा तास होऊन गेला होता. मेथी कोमेजली होती. तुम्ही विचारलंत, "सांगितलंस?" व्हय. "समदं?" रिक्षाचंबी. "मग चल, जेवून घे." त्या रात्री तुमच्याकडची भाकरी आणि झुणका खाल्ला आणि मी झोपले.

दुसऱ्या दिवशी हप्तेवाल्या साहेबांशीही तुम्हीच बोललात. ते रात्री आठ-आठ वाजता फोन करायचे. अशा गटाच्या छोट्या कर्जाच्या थकलेल्या हप्त्यासाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 च्या नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे, हे नातीकडून ऐकलेलं तुम्ही त्यांना तोंडावर सांगितलंत. मे महिन्यात माझे कमी पडलेले पैसे गटानं घातले. मला ज्याची एवढी भीती होती ते सगळं दहा मिनिटांत उरकलं. एकीनंही टोमणा मारला नाही. मार्चमध्येच तोंड उघडलं असतं तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. राहिलेले 2,000 पगारातून महिन्याला 500 प्रमाणे कापायचे, डबा बंद, रिक्षा आणि दूधवाल्याचे पैसे त्या स्वतःच फोनवरून देणार. मला सगळं मान्य होतं. पहिल्यासारखं झालं असं म्हणणार नाही. पूर्वी त्या कपाट उघडं टाकून जायच्या, आता लावून जातात. ते मला लागतं, पण त्यांनी चूक केली असं वाटत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, मुलगी परत माझ्याकडंच सोपवली.

सप्टेंबरच्या पगारात शेवटचे 500 कापले गेले. मालकही कामावर जायला लागलेत. गेल्या आठवड्यात दूधवाल्याचा फोन बंद होता, तेव्हा वहिनींनी पाच महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात रोख दिले, 300. जिन्यातच ओढणीच्या टोकाला गाठ मारली. दुधाचे आणि केळ्यांचे 160 गेले, 140 परत दिले. त्यांनी मोजून घेतले. मी समोर उभी राहिले.

तुमचे 800 पाकिटात घालून ठेवलेत. रविवारी मंडईत घेऊन येते. मेथी निवडायला लावा, पण ते तेवढे हातात घ्या.

तुमची,
गटातली दहावी