आमदारकीतून लोकसभेकडे: लेकीला पत्र

चि. माई हिस,
अनेक आशीर्वाद.

२०२९ ची लोकसभा लढवावी असं मनात आहे, हे तू फोनवर सांगितलंस. विचार वाईट नाही. पण खासदारकी म्हणजे आमदारकीचीच वरची इयत्ता असं धरून जे उतरतात, ते बहुधा आपटतात. म्हणून आधी आकडेमोड कर, हारतुरे नंतर.

राज्यात विधानसभेच्या २८८ जागा आणि लोकसभेच्या ४८, म्हणजे एका खासदाराच्या पोटात सहा आमदार. तुझ्याकडे सव्वातीन लाख मतदार धरले तर लोकसभेला साडेएकोणीस लाख होतात. साठ टक्के मतदान झालं तर पावणेबारा लाख मतं पडतील आणि सरळ लढतीत सहा लाखांच्या आसपास लागतील. आता समज, घरच्या मतदारसंघाने तुला ४०,००० चं लीड दिलं. उरलेल्या पाच ठिकाणी सरासरी ८,००० ने मागे पडलीस की ते संपलं. एका विधानसभेत ३३० बूथ धर, म्हणजे बूथमागे फक्त २४ मतं. वाडीवरची चार-पाच मोठी घरं रुसली की तेवढी जातात.

धुळ्यात २०२४ साली हेच दिसलं. सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभांमध्ये पुढे होते; एकट्या मालेगाव मध्यने ते सगळं फेडलं आणि शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. मुंबई ईशान्यमध्ये मुलुंडचे आमदार मिहिर कोटेचा यांना मुलुंडने भरभरून दिलं, मानखुर्द-शिवाजीनगरने काढून घेतलं. घरचं लीड वाढवायला धावायचं की परक्या ठिकाणचा खड्डा उथळ करायचा, हा प्रश्न असतो. आमदाराचे पाय सवयीने घराकडेच वळतात, कारण तिथे सत्कार होतो. तू खड्ड्याकडे जा.

खड्डा कुठे आहे ते फॉर्म २० मध्ये कळतं. निकालानंतरचा हा बूथनिहाय तक्ता राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. २०१९ आणि २०२४, लोकसभा आणि विधानसभा, सहाही मतदारसंघांचे काढ. दर निवडणुकीत बूथचे क्रमांक सरकतात, म्हणून क्रमांकावर विसंबू नकोस. गाव आणि शाळेच्या नावाने जुळव. हे कंटाळवाणं काम आहे आणि पीएवर सोडलं की चुकतंच. मग बूथचे तीन ढीग कर: पक्ष दोन्ही वेळा पुढे, दोन्ही वेळा मागे, आणि लोकसभेला एक कौल, विधानसभेला दुसरा. तिसऱ्या ढिगातली मतं माणूस बघून पडतात. तुझे दौरे तिथे हवेत. मतदारसंघांची पुनर्रचना झाली तरी बूथपातळीचा हिशेब वाया जात नाही, सीमा सरकली की ढीग नव्याने लावायचे एवढंच.

शेजारच्या पाच आमदारांचं काय, हा खरा अवघड भाग. विरोधी आमदार उघडपणे पाडतो, त्याची भीती नाही. आपल्याच पक्षाचा किंवा मित्रपक्षाचा आमदार व्यासपीठावर हात वर करतो आणि रात्री यंत्रणा गप्प बसवतो, तो महागात पडतो. त्याच्या भीतीला कारणही असतं. आपल्याकडे २००४ पासून लोकसभा एप्रिल-मेमध्ये आणि विधानसभा पाच-सहा महिन्यांनी होते. तू खासदार झालीस की त्याच्या तिकिटाच्या बैठकीत तुझा शब्द चालणार. शिवाय त्याच्या तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद सदस्याला तू मोठं करशील, हा संशय. म्हणून प्रत्येकाशी एकट्याने, चारचौघांत नव्हे, बोल: त्याच्या विरोधकाला जवळ करणार नाहीस, तालुक्यात त्याला विचारल्याशिवाय पदं वाटणार नाहीस. हे मान्य करताना जीभ जड होते. पण जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत त्याच्या गटात जाऊन तू भांडण लावलंस, तर नंतरची गोड भाषा कोणी ऐकत नाही.

तिकिटाच्या वेळी पक्ष बदलायची वेळ आली, तर आधी आमदारकीचा राजीनामा. पक्षांतरबंदीच्या, म्हणजे घटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षाचं सदस्यत्व स्वतःहून सोडणं हेच अपात्रतेला पुरेसं आहे. २०२४ ला पारनेरचे निलेश लंके आणि उमरेडचे राजू पारवे दोघांनीही आमदारकी सोडून दुसऱ्या पक्षाकडून लोकसभा लढवली. लंके जिंकले, पारवे हरले आणि हातची आमदारकीही गेलेली. पक्ष तोच असेल तर राजीनामा द्यायची काहीच गरज नाही, आमदार राहूनच लढता येतं. जिंकलीस तर मात्र निवड राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांत विधानसभेचा राजीनामा द्यायचा. नाही दिला तर जाते ती संसदेची जागा, विधानसभेची नाही. हे उलटं लक्षात ठेवणारे बरेच भेटतात. राजीनामा स्वतःच्या सहीने, अध्यक्षांच्या नावे.

फॉर्मकडे येते. लोकसभेचा उमेदवारी अर्ज म्हणजे नमुना २अ. सरकारी निवास वापरला असेल तर प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, गेल्या दहा वर्षांतल्या भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनची थकबाकी नसल्याचे दाखले जोडावे लागतात. आमदार निवासातली खोली तुझ्या नावावर आहे, हे विसरू नकोस. चार खात्यांचे चार दाखले आणायला आठ-दहा दिवस हाताशी ठेव. कुठलाही रकाना रिकामा नको, लागू नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिही. रिकाम्या रकान्यावरून अर्ज फेटाळता येतो. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. धनादेश चालत नाही.

अर्जाचे चार संच भरता येतात, ते चारही भर. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, पण निदान एका संचावर दहा सूचक घे. एबी फॉर्म, म्हणजे तू पक्षाची अधिकृत उमेदवार असल्याचा कागद, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला नाही, तर एक सूचक असलेला अर्ज बाद होतो, दहाचा अपक्ष म्हणून टिकतो. एबी फॉर्मवर सही शाईचीच हवी, झेरॉक्स चालत नाही. आणि पर्यायी उमेदवार कोण, हे आधी ठरव. रामटेकमध्ये रश्मी बर्वेंचा अर्ज बाद झाला, पर्यायी म्हणून अर्ज भरलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे उभे राहिले आणि निवडून आले. पर्यायाच्या रकान्यात कोणाचंही नाव टाकून मोकळं होऊ नये, ते यासाठी.

खर्चाची मर्यादा २०२२ पासून लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. ऐकायला दुपटीहून जास्त. बूथला भागून बघ: विधानसभेला सुमारे १२,००० रुपये पडतात, लोकसभेला २,००० बूथवर जेमतेम ४,७५०. म्हणून विधानसभेची पद्धत, म्हणजे दर गावात गाडी, मंडप आणि चहापाणी, इथे परवडत नाही. मोठी सभा आणि बूथवरचा माणूस, एवढंच परवडतं. सभेतही जपून: स्टार प्रचारकाचा प्रवास पक्षाच्या नावे जाईल, पण तू मंचावर बसलीस की सभेचा खर्च तुझ्या खात्यात. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघड. एका व्यक्तीला किंवा संस्थेला १०,००० च्या वर रोख नको. प्रचाराच्या काळात नोंदवही तीनदा तपासली जाते आणि निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा. हरलेले इथेच आळस करतात आणि तीन वर्षांच्या अपात्रतेची नोटीस ओढवून घेतात.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक पोलिंग एजंटने नमुना १७क ची, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय बूथ सोडायचा नाही. मोजणीला यंत्रावरचा एकूण आकडा तिच्याशी ताडायचा. मुंबई वायव्यमध्ये २०२४ ला रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. अशा निकालात ज्याच्याकडे कागद नाही, त्याला आक्षेपही धड मांडता येत नाही.

हरलीस तर? ऑक्टोबर-नोव्हेंबरला पुन्हा विधानसभा समोर असते आणि लोक पराभव घेऊनच तुझ्याकडे बघतात. २०२४ ला पुण्यात लोकसभा हरलेले रवींद्र धंगेकर त्याच वर्षी कसब्यातही हरले, सोलापुरात हरलेले राम सातपुते माळशिरसला. पण चंद्रपुरात हरलेले सुधीर मुनगंटीवार बल्लारपूरला आणि कोटेचा मुलुंडला टिकले. जिंकलीस तरी रिकामी जागा आपली राहीलच असं नाही: लंकेंच्या पत्नी पारनेरला हरल्या, वायकरांच्या पत्नी जोगेश्वरी पूर्वला. मुदत एक वर्षाहून कमी उरली तर पोटनिवडणूक लागत नाही, त्यामुळे मधल्या महिन्यांत तिथे आमदारच नसतो. कार्यालय चालू ठेवणारा माणूस आत्तापासून तयार कर. तो घरातला असलाच पाहिजे असं नाही.

राज्यसभेचं कोणी सुचवलं तर एवढं बघ: वय ३० पूर्ण हवं, आणि सहा जागांसाठी २८८ आमदारांनी मतं टाकली तर निवडून यायला लागणारा कोटा ४२ मतांचा. ती मतं पक्षाची असतात, तुझी नव्हेत, आणि मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते.

आणि एक. आमदार निधी वर्षाला पाच कोटी, खासदार निधीही पाचच कोटी, पण तो सहा विधानसभांना पुरवायचा. आज डीपी जळाला की लोक तुला फोन करतात. उद्याही करतील, फक्त सहापट. ‘हे माझ्या अखत्यारीत नाही’ असं म्हटलेलं इथे कोणाला पटत नाही.

अधिवेशन संपवून येशील तेव्हा सहाही ठिकाणचे फॉर्म २० छापून आण, मोठ्या अक्षरांत. शाळांची नावं जुळवायला दोन दिवस लागतील.

तुझी,
आई