राखण

ता. शिंदखेडा, जि. धुळे
शुक्रवार

चि. ताई हिस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

सोमवारी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून तुझा कामाचा पहिला दिवस. फोनवर बोलायला गेलो की तुझी माय मध्येच फोन घेते आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसलो. मामा उद्या सकाळच्या एसटीने धुळ्याला येतोय, त्याच्या हाती चिठ्ठी देतो. सोबत कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आहे.

पोहण्याबद्दल मी काही सांगणार नाही. आपल्या विहिरीत कमरेला भोपळा बांधून तुला सोडलं, तेव्हा आठव्या दिवशी तूच तो सोडून फेकलास. आता तुझी पोहण्याची परीक्षा पाण्यात क्वचितच होईल. रोज होईल ती डोळ्यांची.

तू लहानपणी माझ्यासोबत माळ्यावर बसून ज्वारीची राखण केली आहेस. एकाच कणसाकडे बघत बसलं की मागून थवा उतरतो. नजर सारखी फिरती ठेवावी लागते, या बांधापासून त्या बांधापर्यंत आणि परत. तलावावर तेच कर. फक्त वरवर बघू नकोस, तळही बघ. निळ्या कपड्यातलं पोर निळ्या फरशीवर दिसत नाही. दुपारी उन्हाची तिरीप पाण्यावर पडली की एक बाजू नुसती चमकते. तेव्हा जागा बदल, पण ती बाजू सोडू नकोस.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो.

मी बारा-तेरा वर्षांचा होतो. उन्हाळ्यात तापी आटून डोह उरायचे. आम्ही पाच पोरं दुपारी डोहावर गेलो. चौघं खडकावर अंग वाळवत बसलो आणि एक जण पाण्यात राहिला. तो उभाच होता. मान मागे टाकलेली, तोंड पाण्याबरोबर वर-खाली होत होतं, हात शिडी चढल्यासारखे चालले होते. तो ओरडला नाही, त्याने हाकही मारली नाही. आम्हाला वाटलं, सोंग करतोय. आम्ही हसलो, ताई. मी त्याच्याकडेच बघत होतो, आणि मला दिसलं नाही.

पलीकडे जाळं टाकणाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं. मग एकाने त्याला उलटा धरला, दुसऱ्याने खांद्यावर टाकून गरगर फिरवला, कुणी पोट दाबलं, कुणी त्याला वर ठेवून फिरवायला कुंभाराचं चाक आणायला धावलं. सगळे जीव तोडून करत होते. संध्याकाळी बायका म्हणाल्या, पाण्यातल्या आसरांनी नेलं. पुढे कित्येक वर्षं मीही तेच मानलं, कारण तसं मानलं की खडकावरचा मी दिसत नव्हतो.

मागल्या महिन्यात तू प्रशिक्षणाहून आलीस आणि ओसरीवर उशी ठेवून मायला दाखवलंस: बुडणारा ओरडत नाही, कारण श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही. पोट दाबायचं नाही, उलटं टांगायचं नाही. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 च्या चालीने, 108 ची गाडी येईपर्यंत. माय हसत होती. मी उठून गोठ्यात गेलो. तुला वाटलं, बैल बघायला गेले. मला त्या डोहाकाठचा तो वेळ आठवत होता, चाकाची वाट बघण्यात गेलेला.

म्हणून कुणी पोर पाण्यात उभं राहून गप्प झालं, तर ‘खेळत असेल’ म्हणू नकोस. फुकटची धाव पडली तर पडू दे. लोक हसतील, हसू देत.

बाकीचं तुला ठाऊकच आहे, तरी बाप आहे म्हणून लिहितो. काठावरून हात, काठी, रिंग पोचत असेल तर उडी घेऊ नकोस. उडी घ्यावीच लागली तर तरंगती ट्यूब तुझ्या आणि त्याच्या मध्ये ठेव, मागून जा. बुडणारा मिठी मारतो, तेव्हा तो भावालाही ओळखत नाही. पकडलंच तर त्याच्यासकट खाली जा, तो वर यायला हात सोडेल. दम कोण जास्त वेळ धरतो, ही पोरांची पैज दिसली की लगेच शिट्टी. पाण्याखाली शुद्ध हरपते आणि वरून काहीच कळत नाही. आई-बाप कठड्यावर असतील, पण मोबाइलमध्ये. त्यांच्या भरवशावर राहू नकोस. आणि पाळी बदलायची वेळ झाली की उठ, हट्टाने बसू नकोस. पारा 42-43 वर जातो तेव्हा डोळे उघडे असूनही माणूस बघत नसतो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेव.

‘पोरगी काय बाहेर काढणार?’ असं कुणी म्हणेलच. उत्तर देत बसू नकोस, तेवढ्यात नजर हलते.

आजी म्हणते, तिला लिही, पानीनी मस्करी करानी नही. लिहिलं.

पुढच्या रविवारी बियाण्याच्या कामाने धुळ्याला येतोय. तलावाच्या जाळीबाहेर थोडा वेळ उभा राहीन. मी दिसलो तरी माझ्याकडे बघू नकोस.

तुझा,
आप्पा