दुखणे अंगावर काढू नका

महोदय,

पावसाळा सरून थंडी पडू लागली की सर्दी-खोकला घरोघरी शिरतो. दोष गार हवेला दिला जातो. खरे कारण विषाणू. शाळेत मुले एकत्र येतात, गारव्यामुळे खिडक्या बंद राहतात आणि कोंदट खोलीत संसर्ग झपाट्याने पसरतो. खिडक्या थोडा वेळ तरी उघडाव्यात, साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत. फ्लूची लस साथ येण्याआधीच घ्यावी. तिचे संरक्षण मिळायला साधारण २ आठवडे लागतात, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. आणि कृपा करून घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मुलांना देऊ नका! विषाणूंवर त्या चालत नाहीत. ज्येष्ठांना धाप लागली, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

– एक वाचक