बोट बघून आल्यावर

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बोटीवरून उतरल्यापासून बाबा गप्प आहेत. शेजारी मात्र "आमच्या मुलाची बोट बुडालेली जहाजं शोधते" असं दोनदा सांगून झालं.

तुझं काम मला पहिल्यांदाच नीट कळलं. सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींनी समुद्राचा तळ दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर मला नुसते वाळूवरचे ओरखडे दिसत होते. तू म्हणालास, "आई, जहाज बघू नकोस, त्याची सावली बघ," आणि एकदम डोलकाठी दिसली! शिवाय तो पिवळा यंत्रमानव. त्याचे लोखंडी हात तू इथे वर बसून बोटांनी हलवतोस. बुटाची नाडी बांधताना चिडून रडणारा तू.

मग तू पाणबुडे राहतात तो पांढरा, बंद चेंबर दाखवलास आणि जाता जाता म्हणालास, खोल पाण्यातल्या डायव्हिंगच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केलाय. तेही बाबांच्या देखत, म्हणजे मला काही बोलता येऊ नये.

यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्या चेंबरचं दार डोळ्यांसमोरून हलत नाही. हात लावला तर गार. खिडकी ताटलीएवढी. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, हे तूच समजावलंस. म्हणून ते पाणबुडे २८-२८ दिवस चेंबरमध्ये खोल पाण्यातल्या दाबातच राहतात, हेलियम मिसळलेली हवा घेतात, आणि १०० मीटरच्या दाबातून बाहेर यायला त्यांना चार-पाच दिवस लागतात. घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात. म्हणजे मध्ये काहीही झालं तरी दार उघडायचं नाही. बाबांच्या त्या वेळेसारखा रात्री दोनला फोन आला तर?

'एडिनबर्ग'चं सोनं सांगताना तुझे डोळे चमकत होते. १९४२ मध्ये बुडालेली युद्धनौका, २४५ मीटर खोल, आणि १९८१ मध्ये ४६५ पैकी ४३१ विटा पाणबुड्यांनी वर आणल्या. मी फक्त विचारलं, ती माणसं बाहेर किती दिवसांनी आली? तू हसलास. पण 'सिटी ऑफ कैरो'सुद्धा तूच सांगितलंस ना? तेही १९४२ मधलंच, मुंबईहून चांदीचे रुपये घेऊन निघालेलं. ते रुपये ५,१५० मीटरवरून यंत्रांनी काढले, एकही माणूस खाली उतरला नाही. यंत्र तर तुझ्या हातात आहेच की. मग कशाला? माणसाने हौस आणि जबाबदारी यांतला फरक ओळखावा, आणखी चार वर्षं थांबलास तर समुद्र काही आटत नाही...

झालं, सुरू झालं माझं. चुकलं. अर्ज मागे घे असं मी म्हणत नाहीये.

तीन वर्षांचा असताना तू आतून कडी लावून घेतलीस आणि तुला ती काढता येईना. बाबा कडी तोडेपर्यंत मी दाराखालच्या फटीतून बोटं आत घातली होती. तू ती घट्ट धरून बसलास, मग रडला नाहीस. त्या चेंबरला औषध आत द्यायची छोटी झडप आहे, तिलाही दोन दारं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मी मुद्दाम नीट पाहिलं.

ताईला अजून काही बोलले नाही, तूच सांग. अंगठ्याला खरचटलं होतं, त्याला औषध लावलंस का? आणि अर्जाचं उत्तर आलं की आधी मला कळव, बाबांना मी सांगेन.

तुझी,
आई