पुरावा धुतला नाही, तुमच्यामुळे

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही "पाना दे इकडे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय, आता बदला विषय.

मोटारसायकलवरच्या सहलीहून अठरा दिवसांनी परत आले, तेव्हा गाडीचा मूळ रंग कोणता हे लोकांना सांगावं लागत होतं. दगडधोंडे, नदीपात्रं आणि पिठासारखा फुफाटा, सगळं अंगावर घेऊन आली होती. मी प्रेशर वॉशरची नळी हातात घेतली आणि मागून तुमचा आवाज आला, "पुरावा कशाला धुतेस?"

खरं सांगू? तेव्हा राग आला होता. मला अंघोळ हवी होती, गाडीलाही हवी होती, आणि तुम्ही टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे झालात. सुक्या धुळीत ओली जागा दिसली की तिथे काहीतरी पाझरतंय, आणि बोल्टाभोवती तांबूस भुकटीचा ओघळ दिसला की तिथे लोखंड लोखंडावर घासतंय, हे तुम्ही दाखवलंत. सामानाच्या स्टँडचा मागचा बोल्ट असाच सापडला. वरून घट्ट दिसत होता, पाना लावला तर दोन आटे हातानंच फिरला. गाडी चकचकीत केली असती तर तो पुढच्या सहलीत कुठेतरी पडला असता.

पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या डाव्या फोर्कच्या नळीवर तेलात भिजलेल्या धुळीचं कडं होतं. मी लगेच म्हटलं, आतलं तेल अडवणारं रबरी सील गेलं, नवीन मागवते. तुम्ही मात्र बाहेरचं, धूळ अडवणारं डस्ट सील खाली सरकवलंत, आतल्या सीलच्या कडेनं प्लॅस्टिकची पातळ पट्टी फिरवलीत आणि चिखलाचे दोन-चार कण बाहेर काढलेत. नळी पुसून फोर्क दहा-बारा वेळा दाबला. दुसऱ्या दिवशी कडं उमटलं नाही. सील शाबूत होतं, त्याच्या कडेखाली फक्त खडा अडकला होता. तेच तेल ब्रेक पॅडवर उतरलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. नुसतं पॅडकडे बोट दाखवलंत.

पण सगळ्यात जास्त ऋण एअर फिल्टरचं. मी तो प्रवासात दोनदा धुतला होता आणि त्याचा मला अभिमान होता. तुम्ही फिल्टरकडे पाहिलंही नाहीत. तो काढायला लावून थेट एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टर बसतो त्या डब्याच्या, आतल्या इंजिनाकडच्या बाजूला पांढरी चिंधी फिरवलीत. चिंधीवर बारीक करडी रेघ आली. फोम स्वच्छ होता, तेलही नीट लावलेलं होतं. चूक कडेला होती: घाईत बसवताना फिल्टरची कड एका कोपऱ्यात दुमडली होती आणि तेवढ्या फटीतून धूळ सरळ आत जात होती. धुळीत गारगोटीची बारीक पूड असते, ती तेलात मिसळली की पिस्टन रिंग आणि सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासते. आवाज होत नाही, दिवा लागत नाही. पुढे कधीतरी गाडी तेल प्यायला लागते. तुम्ही एअरबॉक्स पुसून घेतलात, नवीन फोमच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवलंत आणि इंजिन ऑइल व फिल्टर लगेच बदलायला लावलेत, किलोमीटर पुरे झालेले नसतानाही. फोम पिळायचा नाही, तळहातात दाबायचा, नाहीतर शिवण सुटते, हेही तेव्हाच कळलं.

मागचं चाक वर-खाली धरून हलवलंत तेव्हा मला काहीच जाणवलं नव्हतं. चाक काढून बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरवायला लावलंत, तेव्हा कळलं. दाताखाली वाळू यावी तसं. पाण्यातून गाडी घातल्याचं ते फळ, आणि प्रेशर वॉशरचा फवारा नेमका तिथे मारला असता तर उरलेलं ग्रीसही गेलं असतं. आरे तुम्ही पान्यानं एकेक वाजवून पाहिलेत, ते मला फार आवडलं. ढिला आरा खणकत नाही, बद्द वाजतो.

चेनचा धडा मात्र ओशाळवाणा. मी ती निघण्याआधी रिकाम्या गाडीवर छान ताणली होती. तुम्ही मागच्या चाकाचे धक्के झेलणारा शॉकअप पट्ट्यानं दाबून धरलात. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत येताच चेन तारेसारखी झाली. खडबडीत वाटांवरच्या या जातीच्या गाड्यांत शॉकअपची चाल लांब, म्हणून चेनला झोलही जास्त ठेवायचा, पुस्तिकेत दिलाय तेवढा. मी अठरा दिवस गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढत होते. रागावला नाहीत, ते जास्त लागलं.

गाडी धुतली ती चौथ्या दिवशी, साध्या नळीनं. रेडिएटरच्या जाळीतला चिखल मागच्या बाजूनं हळू पाणी सोडून काढला, पात्या वाकल्या नाहीत.

आता सांगायचं ते असं: मागच्या लिंकेजला, म्हणजे शॉकअपच्या जोडसांध्यांना, ग्रीस भरायचं राहिलंय आणि खालचा बोल्ट हलत नाहीये. हातोडा मारलेला नाही, शप्पथ. गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंय. रविवारी सकाळी गाडी घेऊन येते, न धुता.

तुमची,
पुरावा जपणारी