पूर्व भागातल्या झेरॉक्सवाल्या ताईंना, आईच्या फोनबद्दल

ताई नमस्कार,

तुमचं नाव आईला विचारायचं सुचलं नाही, आणि दुकानाच्या पाटीवर नुसतं झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड एवढंच लिहिलंय म्हणते ती, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. सोलापूरच्या पूर्व भागात झेरॉक्सची दुकानं काय कमी नाहीत, पण हिरव्या कव्हरचा फोन पुढं करून "ह्यात प्ले स्टोअर उघडंना झालंय बघ गं" म्हणणारी बाई तुम्हाला आठवेल. ती माझी आई.

तुम्हाला ते किरकोळ काम वाटलं असेल, आमच्या घरी मात्र दिवाळीच्या आधीपासून दुसरा विषयच नव्हता. वडील सूतगिरणीत होते, ते गेल्यावर आईला पीएफची पेन्शन लागली, ती पंच्याण्णव सालची स्कीम. रक्कम काय सांगू, 2014 ला सरकारनं कमीत कमी हजार रुपये केले आणि आकडा तिथंच बसलाय. पण ते तिचे हक्काचे पैसे आहेत, त्यातनं ती नातवंडांना खाऊ देते, भिशी भरते, आणि मी पाठवलेल्या पैशाला हात लावत नाही. तर त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला. आता आईनं अर्धं आयुष्य विड्या वळल्यात, तिच्या बोटांवर रेषा म्हणून राहिल्या नाहीत, अंगठ्याचं मशीन तिला ओळखतच नाही. मागं एकदा तर मशीनवाला तिलाच रागवला, जसं काय तिनं मुद्दाम बोटं घासून आणलीत.

पीएफवाल्यांनी 2022 पासून चेहरा दाखवून दाखला काढायची सोय दिलीय, ती आईसारख्यांसाठी खरंच वरदान आहे. त्याला दोन अ‍ॅप लागतात, एक जीवन प्रमाण आणि एक चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी, आणि दोन्ही प्ले स्टोअरवरनं घ्यायची. आणि इथंच घोडं अडलं. प्ले स्टोअर उघडलं की पांढरा स्क्रीन आणि "कनेक्शन तपासा आणि पुन्हा प्रयत्न करा". कनेक्शन काय तपासायचं? त्याच फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालू, त्याच फोनवर यूट्यूबला भजन चालू, शेजारच्यांचं वायफाय लावलं तरी तेच. मी पुण्यात, फोनवरनं सांगून सांगून माझा घसा बसला, आणि ती आपली "पुन्हा प्रयत्न करा" दाबत बसलेली.

मग ती दुकानं फिरली. एका मोबाईलवाल्यानं फोन हातात घेतला, दोन मिनिटं भराभर काहीतरी दाबलं, "मावशी रेंजचा प्रॉब्लेम आहे" म्हणून परत दिला, शंभर रुपये घेतले. दुसरा गूगलचं अकाऊंटच काढायला निघाला, म्हणाला मग पासवर्ड टाकून परत घ्या, आणि पासवर्ड कुणाला आठवतोय? कंपनीचं म्हणून जे सर्व्हिस सेंटर आहे तिथला एसीत बसलेला मुलगा तर स्क्रीनकडं न बघताच म्हणाला फॅक्टरी रिसेट मारावा लागेल, सगळं उडेल, चालेल ना. त्यात वडिलांचे व्हॉइस मेसेज आहेत. आईनं फोन त्याच्या हातातनं ओढून घेतला आणि सरळ चालू लागली, बरं केलं.

हे कमी म्हणून गल्लीतल्या एका पोरानं नेटवर हेल्पलाईनचा नंबर शोधून दिला. पलीकडचा माणूस एकदम गोड, माताजी माताजी करत होता, आणि म्हणाला एक अ‍ॅप डाउनलोड करा, मी इथनं बसून तुमचा फोन ठीक करतो. दुसऱ्याला आपला फोन लांबून चालवता येतो तसलं अ‍ॅप. रिझर्व्ह बँकेनं 2019 लाच बँकांना याबद्दल सावध केलं होतं, लोकांची खाती साफ होतात त्यात. आई बिचारी डाउनलोड करायला गेली, पण प्ले स्टोअरच उघडेना! अर्धा तास त्यानं डोकं आपटलं आणि शेवटी शिवी देऊन फोन ठेवला. बंद प्ले स्टोअरचा आम्हाला झालेला एवढाच फायदा.

त्यानंतर आई तुमच्याकडं आली ती खरं तर आधारची झेरॉक्स काढायला.

तुम्ही काय केलं हे मला पुण्यात बसून पूर्ण कळलं नाही, पण मुद्दा कळला. पूर्वी कधीतरी आईनं एका दुकानात तक्रार केली होती की रोजचं दीड जीबी दुपारीच संपतंय, तेव्हा तिथल्या माणसानं, अपडेटमध्ये नेट जाऊ नये म्हणून, सेटिंगमध्ये जाऊन फक्त प्ले स्टोअरचं नेट बंद करून टाकलं होतं, सिमचं पण आणि वायफायचं पण. म्हणजे फोनला नेट आहे, बाकी सगळ्या अ‍ॅपना नेट आहे, एकट्या प्ले स्टोअरला नाही, म्हणून ते बापडं खरंच सांगत होतं की कनेक्शन नाही. बाकीच्यांनी फोन बघितला. तुम्ही आईला विचारलं, "आज्जी, हे कधीपासून असं होतंय, त्याच्या आधी फोन कुणाकडं दिला होता का?" आणि आईला ते दुकान आठवलं.

खरं तर तुमच्या स्वतःच्या फोनवरनं तिचा दाखला काढून, पन्नास-शंभर रुपये घेऊन मोकळं होता आलं असतं, बरेच जण तेच करतात आणि त्यात चूक काही नाही. पण आईनं सांगितलं मला माझ्या फोनवर पाहिजे, दरवर्षी कुणाकडं जाऊ, आणि तुम्ही ते ऐकलंत.

पण ताई, मी हे पत्र लिहितोय ते त्या चिठ्ठीसाठी. काम झाल्यावर तुम्ही खराब झालेल्या झेरॉक्सच्या पाठीमागं स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहून दिलंत, आधी काय बंद होतं, मी काय चालू केलं, आणि खाली, "बाकी कशाला हात लावला नाही." आईला चौथीपर्यंतचं वाचता येतं, तिनं फोनवर मला ते अक्षर लावून लावून वाचून दाखवलं आणि शेवटची ओळ दोनदा वाचली. इतक्या लोकांनी तिचा फोन हातात घेतला, एकानं पण सांगितलं नाही की मी यात काय केलं. वायरमन बोर्ड उघडून जातो आणि मागं कुठली वायर कुठं जोडली ते त्यालाच ठाऊक, तसा प्रकार. तुम्ही बाईचा फोन बाईचाच मानलात. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. मी स्वतः आयटीत आहे, आमच्याकडं कोणी काय बदललं याची नोंद ठेवायला भलीमोठी सिस्टीम असते, मीटिंगा असतात, तरी लोक लिहीत नाहीत. आणि असं सरळ वागणारं माणूस नेमकं कुठं भेटेल याचा काही भरवसा नाही, एसीत नाही भेटलं, झेरॉक्सच्या मशीनमागं भेटलं.

दाखला निघाला. फेस आरडीचं चित्र स्क्रीनवर कुठंच दिसत नाही म्हणून ती पुन्हा घाबरली होती, पण ते मागं आपोआप चालतं हे पण तुम्ही तिला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे. गोल रिंगणात चेहरा धरून डोळे मिचकावले आणि मेसेज आला. मशीनला न पटलेली बाई जिवंत निघाली.

तुम्ही फक्त झेरॉक्सचे पैसे घेतले, बाकीचे देऊ केले तर राहू द्या म्हणालात. इथं मात्र माझं ऐका. आईनं ही गोष्ट गल्लीभर केलीय, तिच्याबरोबर विड्या वळणाऱ्या बायका आपापले फोन घेऊन तुमच्याकडं यायच्या बेतात आहेत, त्यातल्या एकीचा तर चालूच होत नाही. त्यांच्याकडनं पैसे घ्या. घासाघीस करतील, ऐकू नका.

तुमचा,
हिरव्या कव्हरवाल्या आज्जींचा मुलगा