थांबायची ऐपत

प्रिय पाटील,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. तू म्हणतो गावात आता उपाशी कोणी नाही, दारोदारी टू व्हीलर, पोरापोरींच्या हातात मोबाईल, घरकुलाचे स्लॅब पडले, मग लोक विषमता विषमता म्हणून कशाला बोंबलून राहिले. अर्धं खरं आहे तुझं. आपल्या लहानपणी कण्या शिजवून दिवस काढणारी घरं होती, आज रेशनचं धान्य येते, तशी हालत नाही. पण गड्या, भूक कमी झाली म्हणजे अंतर कमी झालं असं नाही ना. आणि ते अंतर घरात वस्तू काय काय आहेत ते मोजून सापडत नाही. मला तरी ते एकाच ठिकाणी दिसते, कोण किती दिवस थांबू शकते, बस.

कापसाचंच घे. दिवाळीच्या आगेमागे पहिला वेचा निघतो तेव्हा लहान कास्तकाराच्या दारात कृषी केंद्राची उधारी उभी असते, वेचाईचे पैसे बायांना आठवड्याच्या बाजाराआधी द्यावे लागतात, त्यात सण. मग खेडा खरेदीवाला पिकअप घेऊन येतो, ओला आहे, कवडी (डागी) आहे म्हणतो आणि भाव तोडतो. कास्तकाराला माहीत असते की हा लुटून राहिला, पण नगद देते तोच देव. तू म्हणशील सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला द्या. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये, कागदावर चांगलाच होता. पण आधी ॲपवर नोंदणी करा, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी वापस, नंबर लागेपर्यंत माल घरात, आणि मग चुकारा खात्यात येईल तेव्हा येईल. ज्याला पैसे आज पाहिजे त्यानं हे सारं कसं करावं? आणि गंमत पाय, सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबर संपेपर्यंत वाढवलं. म्हणजे लहान माणूस आपला माल विकते नेमके तेच महिने. गिरणीवाल्यांना स्वस्त रुई पाहिजे, त्यांचंही काही गणित असेल, मी नाही म्हणत नाही, पण त्या गणितात पाच एकरवाला कुठं बसला ते मला कोणी दाखवावं.

२०२१-२२ चं आठवते? दिवाळीत सात-आठ हजारानं गावातला बहुतेक कापूस गेला आणि जानेवारीनंतर भाव दहा हजाराच्या वर. कोणी कमावलं, तर ज्याच्याकडे गोडाऊन होतं आणि पगार नाहीतर दुकान होतं. पुढच्या वर्षी साऱ्यांनी ठरवलं आपणही थांबू. एका खोलीचं घर, त्यात छतापर्यंत कापूस, लेकरं त्याच्यावरच झोपत, मग त्यात किडे होऊन अंगाला खाज सुटली, आणि भाव काही चढला नाही, उतरला. शेवटी मातीमोल विकला. मोठ्यालाही त्या वर्षी फटका बसलाच की, पण त्याचं वावर गहाण पडलं नाही.

कर्जाचं त्याहून वाईट आहे. आपल्याच पंजाबराव देशमुखांच्या नावानं व्याज सवलत योजना आहे, तीन लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्य. पण त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागते. इथं अर्ध्या शिवारात राबणारा माणूस ठोक्यानं (ठरलेल्या भाड्यानं) नाहीतर बटाईनं करते, मालक नागपूर, अमरावती, पुण्यात. शून्य टक्के मालकाला, आणि ज्याची पऱ्हाटी (कपाशी) उभी आहे त्याला सावकाराचे शेकडा तीन-चार रुपये महिना. एकाच वावरावर दोन व्याजदर! आता ते बचत गटाच्या नावाखाली फायनान्सवाले पोरं येतात, लाडकी बहीणचे १५०० आले की हप्त्यात गेले, माझ्या शेजारची वहिनी म्हणते "भाऊ, पैसे येतेत, पण हाताले लागत नाहीत."

बरं माफीतही तेच. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरापर्यंत पूर्ण माफी, त्याच्या वरच्याला आधी ७५ टक्के भर मग २५ टक्के सूट. आपल्याकडच्या कोरडवाहू सात एकरात काय पिकते ते तुला माहीत आहे, आणि तिकडे कॅनॉलच्या ऊसवाल्याची चार एकर बसली पूर्ण माफीत. ज्याच्याकडे ७५ टक्के भरायला होते त्यालाच सूट मिळाली, नव्हते तो थकीतच राहिला आणि थकीत म्हणून पुढचं कर्ज बंद.

भूमिहीनाला तर यातलं काहीच लागू नाही. पीक विमा नाही, माफी नाही, पीएम किसान नाही. आणि भूमिहीन कोण, कोणत्या मोहल्ल्यातले, हे मी तुला लिहून सांगायची गरज नाही, गावाची रचनाच बोलते. बायांचं नाव तर वावरावर नवरा मेल्यावर चढते, तेही भासरे, म्हणजे मोठे दीर, चढू देतील तेव्हा.

राग मानू नको, पण आपल्या दोघांचंच पाय. तू पुण्यात चार-पाच वर्षं क्लास लावून बसला, तीनदा नापास झाला तरी बाबांनी पैसे पाठवले, शेवटी परीक्षेत निघाला. मेहनत केलीच तू. पण आपल्या वर्गात कोलाम आदिवासींच्या पोडावरचा (वस्तीवरचा) तो पोरगा होता, गणितात तुला मला दोघांनाही शिकवायचा. तो एकदा परीक्षेला बसला, निकाल लांबला, भरती लटकली, आता जेसीबीवर आहे. एक डाव चुकायची मोकळीक त्याला नव्हतीच. दुखण्यात मात्र सारं उलटं, तिथं गरीबच थांबते आणि पैसेवाला पहिल्याच दिवशी नागपूर गाठते. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होते रे, पण बुडालेली मजुरी आणि सोबतच्याचं खाणंपिणं कोण देईल.

याचा परिणाम काय म्हणशील तर गाव आतून सुटून राहिलं. ज्यांची मास्तरांना, सरपंचाला जाब विचारायची धमक होती त्यांची लेकरं सकाळी व्हॅननं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरली मजुरांची लेकरं, मास्तर कमी झाला तर ओरडणार कोण? पोरांची लग्नं जमत नाहीत, मुलीचा बाप पहिले विचारते नोकरी आहे का. आणि अडलेल्याचं वावर विकायला निघालं की घ्यायला गावातला नसतोच, बाहेरचा प्लॉटिंगवाला असतो.

देशाचेही आकडे असेच आहेत. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबनं २०२४ मध्ये मांडलं की भारतात वरच्या १ टक्का लोकांकडे २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती, साल २०२२-२३ चं. मला त्यात उत्पन्नापेक्षा संपत्तीचा आकडा जास्त बोचला, कारण थांबता येते ते संपत्तीच्या जोरावर, कमाईवर नाही. आणि आपण संपत्ती कर २०१५ मध्ये काढूनच टाकला.

आता कामाचं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, सोयाबीन, तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवली तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, १८० दिवस. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ होता आणि हंगामात बाजार त्याच्या खालीच, तर हे आमच्या फार कामाचं आहे. पण चार क्विंटलवाला एकटा तालुक्याला नेत नाही, भाड्यातच मरते. आम्ही दहा-बारा जणांनी ठरवलं माल गावात एका ठिकाणी जमवायचा आणि एकाच ट्रकनं न्यायचा. तुमच्या वाड्यातली ओसरीमागची मोठी खोली बंद पडली आहे, उंदीर सोडून तिथं कोणी नाही. किल्ली काकांकडे आहे का तू घेऊन गेला ते कळव. भाडं काय घेशील तेही मोकळं लिही, फुकट नको, नाहीतर काकू उद्या आम्हाला अंगण झाडायला लावतील.

तुझा,
बाकावरचा जोडीदार